काळ्यासाठी विटा मांडणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

काळ्या जाऊन आज अकरा दिवस झाले. फोन करायचं रोज ठरवते, पण बोलताना रडू फुटेल म्हणून राहून जातं. म्हणून लिहिते आहे.

तुमच्याआधी दोन ठिकाणी दाखवलं होतं. एकाने त्याला हातही लावला नाही. वय झालेलं कुत्रं लंगडणारच, म्हणाला. दुसरा म्हणाला, "गावठी कुत्र हाये, कायले इतला जीव लावता? वरडत तं नाही ना?" ओरडत नव्हता, खरंच. म्हणून आम्हीही फसलो. मी तर मेडिकलमधून माणसाची दुखण्याची गोळी आणून भाकरीत घालून दिली. ते ऐकून तुम्ही रागावला नाहीत. अशा गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, किडनी जाते, पुन्हा देऊ नका, एवढंच म्हणालात.

मग आईला विचारलंत, "आधी रोज काय करायचा, जे आता करत नाही?" हे कुणीच विचारलं नव्हतं. आई बोलतच सुटली. बैलबंडीचा आवाज आला की वावराच्या धुऱ्यापर्यंत धावायचा, आता उठत नाही. ओट्यावर चढत नाही. रात्रभर जागा बदलतो, सावलीत पडूनही धापा टाकतो, पुढचा पाय चाटत बसतो. तुम्ही म्हणालात, "काकू, हेच त्याचं ओरडणं."

नागपूरच्या एक्स-रेत हाडाचा कॅन्सर निघाला. बरा होणार नाही हे तुम्ही लपवलं नाहीत.

पण मला आठवतात त्या विटा. तुम्ही निघाला होतात. काळ्या पाण्याच्या घमेल्याशी उभा होता; वाकायचा, पुढच्या पायावर भार आला की मागे सरायचा. तुम्ही बॅग खाली ठेवलीत, गोठ्यामागून विटा वेचून आणल्यात, त्यांवर घमेलं ठेवलंत, हलवून पाहिलंत. तो प्यायला. किती वेळ पीत होता! त्याची तहान मेली असं आम्ही धरून चाललो होतो. आई पदर तोंडाला लावून आत गेली. तुमच्या ओढणीला शेण लागलं होतं, तुमचं लक्षही नव्हतं. मॅडम, मुक्या जिवाकडे इतकं निरखून बघणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

तुमच्या औषधावर शेवटचे दिवस तो कुशीवर, पाय ताणून झोपला. दोन महिन्यांत तसा झोपला नव्हता.

तुरीच्या शेंगा भरल्या आहेत. आईने तुमच्यासाठी वेगळ्या काढल्या आहेत. नाही म्हणू नका.