डिफर झालीये, नापास नाही झाली

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

आम्ही गेली सतरा वर्षं न्यू जर्सीत राहतो आणि तुमचा पेपर मी रोज सकाळी चहासोबत फोनवर वाचते. डिसेंबर उजाडला की इथल्या आपल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर फोटो यायला लागतात, अमक्याच्या मुलाला ते कॉलेज मिळालं, तमक्याच्या मुलीला हे मिळालं, आणि ते बघून खरंच बरं वाटतं कारण ही मुलं लहानपणापासून गणेशोत्सवात एकत्र नाचलेली आहेत. पण त्याच आठवड्यात काही घरांमधे "डिफर" हा शब्द येतो आणि त्या घरांबद्दल कोणीच काही बोलत नाही. आमचं घर यंदा त्यातलं, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इथे बारावीतली मुलं १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत एका कॉलेजला "अर्ली डिसिजन"चा अर्ज करू शकतात, त्याला सगळे ईडी म्हणतात. हा अर्ज म्हणजे वचन असतं, घेतलं तर येणारच, बाकीचे अर्ज मागे घेणार, आणि त्या कागदावर मुलीची, आईवडिलांपैकी एकाची आणि शाळेच्या काउन्सेलरची अशा तीन सह्या लागतात. डिसेंबरच्या मध्यावर निकाल येतो. एक तर होकार, नाहीतर नकार, आणि तिसरं म्हणजे डिफर, म्हणजे आत्ता काही ठरवत नाही, तुमचा अर्ज रेग्युलरच्या, म्हणजे नंतरच्या नेहमीच्या फेरीच्या, ढिगात परत वाचू आणि मार्चअखेर सांगू. कॉलेजागणिक हे फार बदलतं, एमआयटीमधे गेली काही वर्षं अर्लीला अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं डिफर होतात (तिथलं अर्ली बंधनकारक नसतं, तो प्रकार वेगळा), उलट स्टॅनफर्ड फारच थोड्यांना डिफर करतं. त्यामुळे नुसत्या त्या शब्दावरून कोणीच काही ओळखू शकत नाही.

निकालाच्या संध्याकाळी आमची मुलगी तिच्या खोलीत एकटी होती, आम्हाला तिने आधीच सांगितलेलं की दार उघडेपर्यंत येऊ नका. पाच मिनिटं गेली, दहा गेली, ओरडण्याचा आवाज नाही, रडण्याचाही नाही, आणि मग ती बाहेर येऊन म्हणाली "आई, काहीच नाही झालं." मला हे वाक्य अजून विसरता येत नाही कारण तिच्या दृष्टीने ते शब्दशः खरं होतं. नकार आला असता तर ती दोन दिवस रडली असती आणि तिसऱ्या दिवशी उठून दुसऱ्या कॉलेजच्या एसेला, म्हणजे अर्जातल्या निबंधाला, लागली असती, पण डिफरमधे रडायचं कशासाठी तेच कळत नाही, आणि आशा अर्धवट शिल्लक असल्यामुळे दुसऱ्या कॉलेजकडे मनही वळत नाही. आणि हे सगळं अशा वेळी की बाकीच्या अर्जांची १ जानेवारीची मुदत जेमतेम अडीच आठवड्यांवर आलेली!

त्यात फोन. आत्याचा, मामीचा, इथल्या तीन काकूंचा. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं हे मला माहीत आहे, पण प्रत्येकीला "झालं का गं?" याचं उत्तर हो किंवा नाही असंच हवं होतं, आणि मी डिफर म्हणजे काय ते समजावून सांगितलं की पलीकडून यायचं, "म्हणजे नाही झालं." शेजारच्या खोलीत मुलगी ऐकत असायची. पाचव्या फोननंतर मी उचलणंच बंद केलं आणि तिच्या बाबांनी सगळ्यांना एक मेसेज टाकला की मार्चअखेरपर्यंत कृपया या विषयावर विचारू नका, आम्ही स्वतः सांगू. काही जणांना राग आला. येऊ दे.

पण हे पत्र खरं तर फोनबद्दल नाहीये, पैशांबद्दल आहे, आणि ते लिहायला मला जास्त वेळ लागला.

ते कॉलेज खासगी आहे, राहणं-खाणं धरून वर्षाला ९० हजार डॉलरच्या वर, म्हणजे चार वर्षांचे साडेतीन लाखांच्या पुढे. आम्ही दोघं नोकरी करतो, घराचे हप्ते आहेत, धाकटा नववीत आहे. ऑक्टोबरमधे आम्ही सह्या केल्या तेव्हा आम्ही एकमेकांना एवढंच म्हणालो की आधी मिळू तर दे, मग बघू. तिची चार वर्षांची मेहनत डोळ्यांसमोर होती आणि कित्येक नामांकित खासगी कॉलेजं निम्म्याच्या आसपास जागा ईडीतच भरतात हे ऐकलेलं, त्यामुळे वाटलं की ही संधी सोडली तर तिच्यावर अन्याय होईल. आकडे कागदावर मांडलेच नाहीत. खरं तर प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, २०११ पासून तो ठेवणं सरकारने बंधनकारकच केलंय, आपलं उत्पन्न आणि बचत टाकली की साधारण किती भरावे लागतील ते अर्ध्या तासात कळतं. आम्ही तो उघडला डिफर झाल्याच्या दुसऱ्या रात्री. आमच्या उत्पन्नाला तिथे ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, जवळजवळ नाहीच असं त्यात आलं. मुलीच्या नावावर सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० आणि चार वर्षांत मिळून २७,००० डॉलर, बस. पालकांना जे सरकारी कर्ज मिळतं त्यालाही नवीन कर्जदारांसाठी १ जुलै २०२६ पासून वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० ची मर्यादा ठरलीये. उरलेला सगळा भार बँकेच्या कर्जावर, नाहीतर आमच्या म्हातारपणाच्या पैशांवर.

हे आम्ही तिला समोर बसवून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती आणि मग एवढंच म्हणाली, "मग मला आधी का नाही सांगितलंत?" उत्तर नव्हतं आमच्याकडे. तिला दुखवायचं नव्हतं म्हणून आम्ही गप्प राहिलो आणि त्या गप्प राहण्यानेच ती जास्त दुखावली. ईडीमधे होकार आला असता आणि मदत पुरेशी मिळाली नसती तर त्या वचनातून सुटता येतं असा नियम आहे, पण तेव्हा हातात दुसरं एकही ऑफर लेटर नसतं, तुलना कशाशी करणार? आणि तिला मिळालेलं कॉलेज आम्ही आमच्या हाताने परत करायला लावलं असतं. तो डिसेंबर मला कल्पनेतही बघवत नाही.

डिफर झालं की ते वचन संपतं, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. मुलगी मोकळी होते. मार्चअखेर होकार आला तरी १ मेपर्यंत सगळ्या कॉलेजांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून ठरवता येतं. आमच्या घरात ज्या गोष्टीला आम्ही दोन दिवस दुर्दैव म्हणत होतो तिने आम्हाला हा हक्क परत दिला, आणि हे मी मनाची समजूत घालायला म्हणत नाहीये, त्या कॅल्क्युलेटरचा आकडा अजून फ्रिजवर लावलेला आहे.

मग ओळखीतल्या दोघांनी सांगितलं की आता दुसरीकडे ईडी टू टाका. व्हँडरबिल्ट, एनवाययू, टफ्ट्स अशा बऱ्याच ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला ही दुसरी फेरी असते आणि फेब्रुवारीत निकाल लागतो. मोह झाला, नाही कशाला म्हणू, धक्का बसल्यावर काहीतरी पक्कं हातात हवंसं वाटतंच. पण तेही वचनच आणि खर्चही तसाच. तिने स्वतः नको म्हटलं. रटगर्सला, म्हणजे आमच्या राज्याच्या सरकारी विद्यापीठाला, तिने नोव्हेंबरमधेच केलेला अर्ज होता, तिथे आम्हा न्यू जर्सीवाल्यांना त्या खासगी कॉलेजच्या निम्म्याहूनही कमी खर्च येतो, आणि बाकी सात अर्ज तिने नाताळच्या सुट्टीत पूर्ण केले. सगळे काही मनापासून केलेले नव्हते, दोन एसे तर मला अगदी थकलेले वाटले, पण मी बोलले नाही.

डिफर करणाऱ्या कॉलेजला एक पत्र पाठवता येतं, अजून इच्छा आहे असं सांगणारं. आधी पोर्टलवरच्या सूचना नीट वाचायला लागतात कारण काही कॉलेजं फक्त त्यांचा फॉर्म भरा म्हणतात आणि काही तर काहीच पाठवू नका म्हणतात. तिच्या कॉलेजला चालत होतं. एक पान, नोव्हेंबरनंतर नवीन काय केलं तेवढंच, जुन्या एसेची उजळणी नाही. पालकांनी फोन करायचा नाही, ओळखीच्या डॉक्टरकाकांचं शिफारसपत्र पाठवायचं नाही. सगळे सांगतात की "हेच माझं पहिलं कॉलेज, घेतलंत तर नक्की येईन" हे वाक्य लिहायलाच हवं. तिने लिहिलं, आणि रात्री खोडलं. म्हणाली, आई हे आता खरं नाहीये, पैशांचं बघितल्याशिवाय मी नक्की येईन असं कसं लिहू? त्याऐवजी तिथल्या ज्या प्रोफेसरांच्या लॅबसाठी तिने ते कॉलेज निवडलं होतं त्या कामाबद्दल तिने चार ओळी लिहिल्या आणि अजूनही तिथे शिकायला आवडेल एवढंच म्हटलं. त्या वाक्याविना तिची संधी कमी झाली असेल, डिफर झालेल्यांपैकी तसाही बऱ्याच ठिकाणी थोड्यांनाच होकार येतो. मला तिचा फार अभिमान वाटला.

आता शाळेकडून पहिल्या सेमिस्टरचे मार्क कॉलेजांना गेले की आमच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. ती परत शुक्रवारी मैत्रिणींबरोबर बाहेर जायला लागलीये, पोर्टल दिवसातून एकदाच बघते, तेही आम्हाला सांगून.

संपादक साहेब, एक विनंती. अभिनंदनाचे फोटो जरूर छापा, पण ऑक्टोबरमधे, सह्या व्हायच्या आधी, ईडी म्हणजे काय आणि तो कॅल्क्युलेटर कुठे असतो यावर एक पानभर तरी छापाल का? पुण्यातून, नाशिकहून अर्ज करणाऱ्या मुलांची संख्या काही कमी नाही आणि त्यांच्या आईवडिलांना तर यातलं सांगणारा शाळेतला काउन्सेलरही बऱ्याचदा नसतो. लागलं तर मी लिहून देईन.

आपली नम्र,
एक वाचक आई, न्यू जर्सी