आज्ञाधारकता: ६५ टक्क्यांपलीकडचे आकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हुकमापुढे माणूस किती वाकतो याची चर्चा निघाली की अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमच्या प्रयोगातले '६५ टक्के' हमखास पुढे येतात. आकडा खरा आहे. येल विद्यापीठात १९६१ साली सुरू झालेल्या त्या मालिकेच्या पहिल्या अहवालात प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला चढत्या क्रमाने विजेचे धक्के देत ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत, म्हणजे शेवटच्या बटणापर्यंत गेले. (विजेचे धक्के खोटे होते, हे त्यांना सांगितलेले नव्हते.) मात्र मांडणी बदलली की हाच आकडा कोसळतो, आणि ते क्वचितच छापले जाते.

सूचना फोनवरून मिळू लागल्यावर शेवटपर्यंत जाणारे साधारण २१ टक्के उरले. काहींनी तर 'वाढवतोय' म्हणत हळूच कमी व्होल्टचेच बटण दाबले. सोबतच्या दोघांनी आधी नकार दिला तेव्हा ४० पैकी ४. दोन प्रयोगकर्त्यांचेच आपसात जुंपले तेव्हा एकही नाही. उलट बटण दुसऱ्याने दाबायचे आणि आपण शेजारचे किरकोळ काम करायचे, अशी वाटणी होताच ४० पैकी ३७.

खरी मेख यंत्रात होती. ३० बटणे, प्रत्येक पायरी १५ व्होल्टची. १९५ला दाबलेत, मग २१०ला का नाही? नकार द्यायचा तर मागचे सगळेच चुकले हे स्वतःशी कबूल करावे लागते. धक्के घेणाऱ्याचा आवाज ज्या प्रयोगांत ऐकू येत असे, त्यांत तो १५० व्होल्टला प्रथम 'मला सोडा' म्हणे. थांबणाऱ्यांपैकी बरेच जण तिथेच थांबले. म्हणून जोखमीच्या कामाच्या नियमावलीत 'इथे थांबा आणि पुन्हा विचारा' हा टप्पा काम सुरू होण्यापूर्वीच लिहिलेला हवा. ऐन वेळी तो सुचत नाही.

दुसरी तरतूद सल्ल्याची. १९६६च्या एका अभ्यासात अनोळखी डॉक्टरच्या फोनवरून, अनोळखी औषधाचा कमाल मर्यादेच्या दुप्पट डोस द्यायला २२ पैकी २१ परिचारिका निघाल्या होत्या. १९७७मध्ये औषध ओळखीचे ठेवले आणि सहकाऱ्यांना विचारायची मुभा दिली, तेव्हा १८ पैकी फक्त २. परिचारिकांचा स्वभाव अकरा वर्षांत एवढा पालटला असेल, असे वाटत नाही.

आपला,
मानसशास्त्राचा एक अध्यापक