उंदराचं हाड आणि माणसाचं हाड

संपादक महोदय,

कॅन्सरवर औषध सापडलं अशी बातमी आली की आमच्या इंदुरातले मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप लगेच भरून जातात, पण ते उंदरावर चाललं की माणसावर हे शेवटच्या ओळीत असतं, कधी नसतंच. स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात पसरतो तेव्हा हा फरक फार मोठा आहे. उंदरात तो आपणहून हाडापर्यंत सहसा पोचतच नाही, म्हणून लॅबमध्ये पेशी सरळ त्याच्या हृदयात नाहीतर पायाच्या हाडात इंजेक्शनने सोडतात, म्हणजे मूळ गाठीतून सुटून रक्तात शिरायचा टप्पाच गाळला जातो. शिवाय माणसाच्या पेशी टिकाव्या म्हणून उंदीर प्रतिकारशक्ती कमी असलेला घ्यावा लागतो, मग प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारी इम्युनोथेरपी त्यात नीट कशी तपासणार?

स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जननी 1889 मध्येच लिहिलं होतं की कॅन्सरच्या पेशींचं बी सगळीकडे पडतं पण रुजतं ते मानवेल त्याच अवयवाच्या मातीत. आता खुबा बदलायच्या ऑपरेशनमध्ये काढलेलं माणसाचं हाड लॅबमध्ये जिवंत ठेवून त्यात कॅन्सरच्या पेशी वाढवून बघतात, मला हे काम फार मोलाचं वाटतं, याच्याबद्दल कुणी लिहीत का नाही? उंदरांवरचं काम वाया गेलं असं अजिबात नाही, हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरणारी औषधं आधी प्राण्यांवरच तपासली गेली.

पण घरात पेशंट असलेली माणसं अशा बातम्यांवर आशा लावून बसतात हो. प्रयोग कशावर झाला ते कृपया पहिल्याच ओळीत छापा.

— एक वाचक, इंदूर