मागच्या रांगेच्या वाऱ्याचे काय?

महोदय,

बीड-धाराशिवच्या माळांवर पवनचक्क्या आल्यापासून बातमी होते ती मेगावॉटची, नाहीतर मावेजाच्या भांडणाची. या चक्क्या एकमेकींचा किती वारा खातात, हे कोणी विचारत नाही.

आषाढात बालाघाटच्या एखाद्या माथ्यावर उभे राहून बघा. पुढच्या चक्कीची पाती जोरात फिरतात, तिच्या थेट पाठीमागची रेंगाळते. पुढचीने वाऱ्यातला जोर काढून घेतलेला असतो. मागे उरतो तो मंदावलेला, घुसळलेला झोत. कालव्याच्या वरच्या अंगाला मोटारी लागल्या की टेलला पाणी पोचत नाही, तसेच हे. फरक इतकाच की वाऱ्याची तूट वरून भरून निघते. उंचावरचा वेगवान वारा खाली मिसळतो आणि काही अंतराने वेग सावरतो. म्हणूनच मुख्य वाऱ्याच्या दिशेत दोन चक्क्यांमध्ये पात्यांच्या व्यासाच्या सातपट अंतर धरतात. १४० मीटर व्यासाला ते जवळपास एक किलोमीटर होते. वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनाने बदलते, त्यामुळे वेग १० टक्के घटला तर वाऱ्यातली शक्ती २७ टक्क्यांनी घटते. (चक्क्या पाऊस पळवतात, ही पारावरची समजूत मात्र खोटी. हा सगळा खेळ जमिनीलगतच्या काहीशे मीटरांतला.)

अंतर वाढवणे हा एकच उपाय नाही. पुढच्या चक्कीचे तोंड वाऱ्यापासून थोडे वळवले की तिचा झोत बाजूला सरकतो. तिची वीज जराशी घटते, मागचीची त्याहून जास्त वाढते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी भारतातल्याच एका पवनऊर्जा प्रकल्पात हे करून पाहिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वीज एकूण १.२ टक्के वाढली. सेकंदाला ६ ते ८ मीटर वाऱ्यात सुमारे ३ टक्के. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाची युक्ती निराळी आहे. पात्यांचा कोन ठरावीक तालात बदलत राहायचे, म्हणजे मागच्या झोताला पीळ बसतो आणि भोवतालचा वारा त्यात लवकर मिसळतो. यात पात्यांच्या बेअरिंगवर ताण वाढतो, हेही खरे.

सव्वा टक्का किरकोळ वाटेल. पण त्यासाठी ना नवा मनोरा लागतो, ना कोणाची गुंठाभर जमीन. खरी मेख मालकीत आहे. एका गटात एका कंपनीची चक्की, शेजारच्या गटात दुसरीची. आपली चक्की वळवून शेजाऱ्याची वीज कोण वाढवील?

तेव्हा परवानगी देतानाच अट घालावी: एका माळावरच्या चक्क्या, मालक कोणीही असोत, एकत्र नियंत्रणाखाली चालवाव्यात आणि वाढीव वीज वाटून घ्यावी. नव्या रांगेचा झोत कोणावर पडणार, याचा नकाशाही काम सुरू होण्याआधी ग्रामसभेपुढे ठेवावा. आज ग्रामसभेला दिसतो तो फक्त रस्त्याचा आणि तारांचा नकाशा, तोही मागितला तर.

– एक वाचक, भूम (जि. धाराशिव)