अंतराला वेगानं भागून विमानाची वेळ निघत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ अशी छोटी चौकट प्रवासाच्या पानावर येते, ती मी नेहमी वाचतो. पण त्यातला वेळ बऱ्याचदा अंतराला ताशी ९०० किमीनं भागून काढलेला असतो हे सरळ दिसतं, आणि म्हणूनच हे पत्र.

माझी बहीण पहिल्यांदा एकटी लांबच्या विमानाने गेली तेव्हा आई असाच एक छापील आकडा धरून घड्याळाकडे बघत बसली होती, ती वेळ उलटून दीड तास झाला तरी फोन नाही म्हटल्यावर तिला रडूच फुटलं. विमान अगदी टायमात होतं हो, चुकला होता तो आकडा.

लंडन ते न्यूयॉर्क घ्या. हवाई अंतर साधारण ५,५५० किमी, म्हणजे भागाकाराने सहा तास दहा मिनिटं होतात. प्रत्यक्षात टाइमटेबलमध्ये जाताना आठेक तास आणि येताना सातेक तास असतात. अंतर तेच, मग तासाचा फरक का? तर साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचं वारं वाहतं, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला ते मागून ढकलतं आणि उलट जाणाऱ्याला समोरून अडवतं, हिवाळ्यात तर त्याचा जोर आणखी वाढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये याच वाऱ्यामुळे एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ५ तासांच्या आत पोचलं होतं! म्हणून एकच आकडा देऊन भागत नाही, जायचा वेगळा आणि यायचा वेगळा द्यायला हवा.

शिवाय विमान काही गेटपासूनच ९०० ने सुटत नाही, आधी रनवेपर्यंत हळूहळू जाणं, मग नंबर लागायची वाट, आणि बऱ्याच देशांत १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटची, म्हणजे ताशी साधारण ४६० किमीची मर्यादा, उतरताना परत तेच. ३०० किमीचा प्रवास भागाकाराने २० मिनिटांचा होतो, पण तिकिटावर तासाभराचा दिसतो तो यामुळेच.

आणि घड्याळाचा घोळ तर सगळ्यात मोठा. तिकिटावर सुटायची वेळ निघायच्या शहरातली असते आणि पोचायची वेळ पोचायच्या शहरातली. न्यूयॉर्कहून रात्री ८ ला निघून लंडनला सकाळी ८ ला पोचलात तर १२ तास वाटतात, पण लंडनचं घड्याळ न्यूयॉर्कच्या ५ तास पुढे असतं त्यामुळे प्रवास ७ तासांचाच. उलट लंडनहून सकाळी ११ ला निघून दुपारी २ ला न्यूयॉर्कला, हे ३ तास नाहीत, ८ आहेत. पहिल्यांदा जाणारा माणूस इथेच चुकतो आणि पुढचं कनेक्टिंग विमान गाठायचा त्याचा सगळा हिशोब कोलमडतो.

तेव्हा विनंती अशी की चौकटीतला वेळ टाइमटेबलमधूनच घ्या, दोन्ही दिशांचा द्या, वेळा स्थानिक आहेत असं लिहा आणि अंतर हवाई आहे की रस्त्याचं तेही सांगा, कारण रस्त्याचं पुष्कळदा बरंच जास्त भरतं. जागा कमी पडत असेल तर किलोमीटर गाळले तरी चालतील, घरी वाट बघत बसलेल्यांना तासच हवे असतात.

आपला,
एक नियमित वाचक