सुध्यास पत्र: आबांचं पोटॅशियम

सांगली, रविवार

प्रिय सुध्या,

फोनवर हे सगळं बोलता येईना, म्हणून लिहितोय. इकडे बाकी बरं. आईचं ठीक, माझा खांदा आहे तसाच. आबांना मात्र गेल्या आठवड्यात मिरजेला आयसीयूत ठेवलं होतं. आता घरी आहेत.

पोटॅशियम ६.९ आलं, मर्दा! साडेतीन ते पाचमध्ये असावं लागतं. काकूंचं लॅसिक्सनं, त्या लघवी वाढवणाऱ्या गोळीनं, पार खाली गेलेलं, आमचं नेमकं वर. पण पायातलं त्राण दोघांचंही गेलं. दवाखान्यात बसल्या बसल्या म्हणून तूच आठवलास, काकूंच्या पोटॅशियमच्या सिरपची चव जिभेवर घेऊन थू थू करणारा.

रक्त काढताना पेशी फुटल्या तर आकडा उगाच फुगतो, म्हणून पुन्हा रक्त घेतलं. पण ईसीजीत, म्हणजे हृदयाच्या आलेखात, टी नावाच्या लाटा इतक्या उंच, टोकदार होत्या की डॉक्टर रिपोर्टसाठी थांबले नाहीत. आधी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट. त्यानं पोटॅशियम उतरत नाही, हृदय तेवढं सावरतं. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज. आबांना शुगर नाही, मग इन्सुलिन कशाला, असं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, इन्सुलिन पोटॅशियमला रक्तातून पेशींत ढकलतं, ग्लुकोज रक्तातली साखर पडू नये म्हणून. दम्याच्या वाफेतलं साल्ब्युटामॉलही तेच करतं. पण काही तासांनी पोटॅशियम परत रक्तात यायला लागतं. शरीराबाहेर काढायचं तर किडनीनंच, आणि तिला तसं सांगतं अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन.

इथंच माझा जीव अडकलाय. बीपीची टेल्मिसार्टन हे हार्मोन कमी करते. हृदयासाठीची स्पायरोनोलॅक्टोन उरलेल्याला काम करू देत नाही. गुडघ्यासाठी आबा मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक आणायचे, त्यानं किडनीला रक्त कमी पोचतं. वर बीपीला चांगलं म्हणून कुणीतरी सुचवलेलं कमी सोडियमचं मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं रे! आणि रोजचं शहाळं. इतक्या जणांनी इतकं लिहून दिलं, सांगितलं, पण सगळं एकत्र ठेवून कुणी पाहिलं नाही. संताप होतो नुसता.

आठवतं, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला पोटॅशियमची जांभळी ज्योत सोडियमच्या पिवळ्यात दिसायची नाही, निळी काच लागायची. ती काच तूच दडवलेलीस, हे मी मरेपर्यंत म्हणणार.

आता स्पायरोनोलॅक्टोन बंद केलीय. पण सूज आणि धाप तिच्यामुळेच तर आटोक्यात होती. काल आबांच्या घोट्यावर बोट दाबलं, खळगा भरून यायला किती वेळ लागला! गोळी सुरू करावी तर पोटॅशियमची भीती, न करावी तर अंगात पाणी. गुरुवारी रक्त तपासून डॉक्टर ठरवतील. तोवर रात्री दोनदा उठून आबांचा श्वास बघून येतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, पिंकीला दहावीसाठी शुभेच्छा. भडंग पाठवतोय, ऑफिसात वाटून संपवू नकोस.

एक काम कर. बुधवारच्या आत आबांना फोन कर. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. मीठ साधंच खा, तेही बेतानं, आणि गुडघ्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, एवढंच सांग. शहाळ्याचा विषय काढू नकोस, ते मी बंद केलंय आणि त्यावरून घरात अबोला चालू आहे.

तुझा,
विकास