टर्बोच्या आधी धूर ७४० अंश, आणि मला पाण्याचा काटा बघायला सांगता?

सेवा विभागप्रमुख,

तुमच्या माणसाचा फोन आत्ताच ठेवला. यापुढे फोन नाही, लेखीच.

भरलेला ट्रक लांब चढावर घेतला की एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधलं (इंजिनचा धूर गोळा करणाऱ्या पाइपातलं), म्हणजे टर्बोच्या, धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, आधीचं धुराचं तापमान माझ्या मीटरवर ७४० अंश सेल्सियसवर जाऊन तिथेच राहतं. काळा धूर, ओढ नाही. गिअर खाली घेतला, पाय हलका केला, तरी उतरायला वेळ लागतो. सतत लोडवर साधारण ६७५ च्या पुढे जाऊ द्यायचं नसतं, ७०० च्या वर गेलंच तर क्षणभर, हे तुम्हाला मी सांगायला नको. पिस्टन ॲल्युमिनियमचा, शुद्ध ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं. तेल आणि पाणी उष्णता ओढून नेतात म्हणून पिस्टन तगतो, पण किती दिवस?

आजचं बोलणं ऐका. तुमचा माणूस म्हणाला, "टेम्परेचरचा काटा मध्यावर आहे ना? मग इंजिन गरम नाही." मी म्हटलं, तो काटा पाण्याचा, मी धुराचं तापमान सांगतोय. म्हणाला, "एकच असतं." एकच असतं! पाणी ९० च्या आसपास आणि धूर ७४०, हे एकच? या इंजिनची टर्बोआधीची मर्यादा विचारली, तर दहा मिनिटं होल्डवर. मग उत्तर, "वर्कशॉपच्या मीटरवर ५६० आलं, नॉर्मल आहे." तो मीटर टर्बोच्या नंतरच्या पाइपात लावला होता, मी समोर उभा होतो. टर्बोचं चाक फिरवताना धूर थंड होतो, लोडवर तिथे शंभर-दीडशे अंश कमी दिसतात. म्हणजे तुमच्याच आकड्याने टर्बोच्या आधी ६६० ते ७१० निघतात, मर्यादेच्या काठावर किंवा पुढे. हे नॉर्मल? वर मला ऐकवलं, "एवढं बघत बसलात तर गाडी चालवणार कधी? तुमचा तो धुराचा मीटर काढून टाका."

काल मीच टॉर्च घेऊन खाली शिरलो. इंटरकूलरच्या (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजवर, म्हणजे रबरी नळीवर, क्लिपच्या कडेने तेलाचा काळा ओघळ, त्यावर धूळ बसलेली. हाताने पिळली तर होज क्लिपखाली फिरते. हवा तिथून निसटते, डिझेल मात्र पडतच राहतं, म्हणून धूर तापतो. दोनदा गाडी तुमच्याकडे होती. दोन्ही जॉबकार्डांवर 'एअर लाइन तपासली' लिहिलंय. कोणी तपासली?

या इंजिनची मर्यादा, सेन्सर टर्बोच्या आधी की नंतर हे स्पष्ट करून, लेखी द्या. हवेच्या लाइनची प्रेशर टेस्ट माझ्यासमोर करा. इतके दिवस तापलेले टर्बो आणि पिस्टन तुमच्या खर्चाने तपासा. आठवड्यात उत्तर आलं नाही तर दोन्ही जॉबकार्डं आणि होजचे फोटो घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन. तुमच्या कंपनीचा हा माझा तिसरा ट्रक. पहिल्या दोघांनी कधी मान खाली घालायला लावली नाही, म्हणून जास्त लागतंय.

आणि मीटर मी काढणार नाही.